तुम्ही विचारलंत म्हणून : मुख्य विषय सोडून बाकीचे विषय कशाला?

विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांना विषयनिवडीबाबत सल्ला देण्याचे काम मी अनेक वर्षे करते आहे, आणि प्रत्येक सत्राच्या तोंडावर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. संगणकशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकायला आलेला विद्यार्थी आपला श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) तक्ता समोर ठेवतो, त्यातल्या रिकाम्या रकान्यांवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "मॅडम, मला जे शिकायचं आहे ते सोडून इतिहास, तत्त्वज्ञान, लेखन हे सगळं कशाला? आणि घ्यावंच लागणार असेल, तर पहिल्याच वर्षी उरकून टाकू का?" पालकही हेच विचारतात, आणि त्यांची काळजी मला पटते, कारण प्रत्येक श्रेयांकासाठी पैसे आणि वेळ दोन्ही मोजावे लागतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

मुख्य विषयाखेरीज इतर क्षेत्रांतलेही काही विषय घ्यावेत, ही सामान्य शिक्षणाची अट आकाशातून पडलेली नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी 1869 ते 1909 या आपल्या दीर्घ कारकिर्दीत ठरावीक अभ्यासक्रम मोडीत काढून विद्यार्थ्याला हवे ते विषय निवडण्याची मुभा दिली. त्या मुभेमुळे अनेक नवे विषय विद्यापीठात आले, पण पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या दोन विद्यार्थ्यांमध्ये समान असे फारसे काही उरले नाही, आणि अनेकांनी चार वर्षे केवळ प्राथमिक पातळीचे सुटे विषय गोळा करण्यात घालवली. एलियट यांच्यानंतर आलेल्या लोवेल यांनी एका विषयात खोली आणि इतर क्षेत्रांत विस्तार अशी दुहेरी अट घातली, आणि आज असंख्य विद्यापीठांच्या नियमपुस्तिकांमध्ये दिसतो तो साचा बहुतांशी तोच आहे. कोलंबिया विद्यापीठाने 1919 मध्ये वेगळी वाट धरली : पहिल्या महायुद्धानंतरच्या जगाचे प्रश्न सर्वांनी मिळून अभ्यासावेत म्हणून सर्वांसाठी एकच सामाईक वर्ग सुरू केला. उलट ब्राउन विद्यापीठाने 1969 मध्ये अशा जवळजवळ सर्व अटी काढून टाकल्या. म्हणजे ज्यांनी यावर मनापासून विचार केला त्यांचेही एकमत झालेले नाही, त्यामुळे विद्यार्थ्याने शंका घेतली तर तो आगाऊपणा ठरत नाही.

माझे स्वतःचे मत मात्र ठाम आहे, आणि ते एका दगडामुळे झाले. मी साहित्याची विद्यार्थिनी होते. प्रयोगशाळेसह एक विज्ञान विषय घेण्याची सक्ती होती, म्हणून नाइलाजाने भूशास्त्र घेतले. पहिल्याच प्रात्यक्षिकात आमच्यापुढे दोन फिकट दगड ठेवले होते, दिसायला जवळजवळ सारखे. दोन्ही एकाच प्रकारचे आहेत असे मी आत्मविश्वासाने वहीत लिहिले. शिक्षिकांनी काही न बोलता दोन्हींवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकेक थेंब टाकला. एकावर काहीच झाले नाही, दुसऱ्यावर बारीक फेस उठला आणि अगदी जवळ कान नेल्यावर चुरचुर ऐकू आली. तो चुनखडक होता, कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि फेस कार्बन डायऑक्साइडचा. कवितेच्या वर्गात मी एखादे विधान केले तर त्यावर वाद होत असे. इथे दगडानेच मला चूक ठरवले होते. आपले म्हणणे कोणत्या कसोटीवर खोटे ठरू शकेल, हा प्रश्न त्या दिवसापर्यंत मला कोणी विचारला नव्हता, आणि साहित्यावर लिहितानाही तो मी नंतर कधी सोडला नाही. भूशास्त्रातील बाकीची बरीच माहिती मी विसरले आहे.

सामान्य शिक्षणाचे प्रयोजन मला इथे दिसते. प्रत्येक विद्याशाखेची पुरावा मानण्याची पद्धत वेगळी असते : इतिहासकार दस्तऐवज कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिला हे पाहतो, संख्याशास्त्रज्ञ नमुना कसा निवडला हे विचारतो, तत्त्वज्ञ गृहीतके उकलतो. एकाच शाखेत वाढलेल्या माणसाला आपली पद्धत हीच विचार करण्याची एकमेव रीत वाटू लागते, आणि तसे वाटते आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही.

विद्यापीठांची चूकही इथे सांगितली पाहिजे. अनेकदा या अटीखाली दिला जाणारा अभ्यासक्रम त्या विषयातच पुढे पदवी घेणाऱ्यांसाठी पहिली पायरी म्हणून रचलेला असतो. मग जो विद्यार्थी त्या विषयाकडे पुन्हा वळणार नाही, त्याच्या पदरात सत्रभर नुसत्या व्याख्या पडतात आणि ज्या प्रश्नांसाठी त्या व्याख्या निर्माण झाल्या तिथवर तो पोहोचतच नाही. हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो दूर करणे विद्यार्थ्याच्या हातात नसून विभागांच्या हातात आहे.

आता "उरकून टाकू का?" या प्रश्नाकडे येते. लेखन आणि गणित किंवा संख्याशास्त्र जरूर पहिल्या वर्षी घ्यावे, कारण पुढचे सगळे त्यांच्यावर उभे असते. बाकीच्यांपैकी किमान एक-दोन विषय मात्र शेवटच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवावेत. मुख्य विषयात थोडे मुरल्यानंतर नीतिशास्त्राचा वर्ग केलेला जीवशास्त्राचा विद्यार्थी स्वतःचे प्रश्न घेऊन तिथे बसतो. पहिल्या सत्रात त्याच्याकडे प्रश्नच नसतात. नियमांबाबत दोन गोष्टी आधी तपासाव्यात : एकच विषय दोन अटींसाठी धरला जातो का, आणि तुमच्या प्रवेशाच्या वर्षीची नियमपुस्तिका तुम्हाला लागू आहे की नंतर बदललेली. तोंडी मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये, ते लेखी मागून घ्यावे. शेवटच्या सत्रात एका श्रेयांकासाठी पदवी अडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आणि विषय केवळ नावावरून किंवा सोपा आहे अशा ऐकीव माहितीवरून निवडू नका. त्याची वाचनयादी आणि शेवटचा स्वाध्याय मागून पाहा. त्या स्वाध्यायात तुम्हाला काय करायला सांगितले आहे, पाठ केलेले लिहायला की एखादी गोष्ट स्वतः तपासून पाहायला, ते मला येऊन सांगा. तक्त्यातला रिकामा रकाना आपण त्यानंतर भरू.