अश्वारूढ शिवराय, पॉलीरेझिन, १४ इंच: रंगदुरुस्तीची नोंद

नुकसान असं आहे. घोड्याच्या डाव्या कानाचं टोक गायब, साधारण ४ मिमी. उचललेल्या पुढच्या पायाच्या गुडघ्यावर अंगठ्याच्या नखाएवढा टवका उडालाय आणि आतलं खडूसारखं पांढरं रेझिन दिसतंय. चौथऱ्याच्या एका कडेला बारीक पोपडे आहेत. अंगरख्याचा सोनेरी काठ घासला गेलाय. मोजडीजवळ हळदीचा डाग आहे, शिवजयंतीच्या पूजेतला.

घोडा पांढरा, म्हणजे काम अवघड. गडद तपकिरी घोड्यावर छटा उन्नीस-बीस झाली तरी खपते, पांढऱ्यावर नाही. पण छटा प्रयत्नांनी जुळते. दुरुस्ती उघडी पडते ती बहुतेक वेळा चकाकीमुळे: रंग तोच, पण तिरप्या उजेडात तेवढाच तुकडा चमकतो किंवा मेलेला दिसतो. त्यामुळे खालच्या प्रत्येक टप्प्यावर आजूबाजूची मूळ मॅट चकाकी न बिघडवणं हे पहिलं काम.

सफाई. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एक थेंब घालून इअरबडने पुसलं. बड घासायचा नाही, फिरवत न्यायचा. त्याआधी चौथऱ्याच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी चाचणी घेतली. पाण्याने काही झालं नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बडवर लगेच रंग उतरला. म्हणजे या मूर्तीला अल्कोहोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर सगळंच वर्ज्य. (मूर्ती सॅनिटायझरने पुसणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) मेलामाइनचा पांढरा स्पंजही नको. तो मुळात बारीक पॉलिश पेपरच असतो. डाग जातो, पण मॅट थर घासून गुळगुळीत होतो आणि तिथे कायमचा चकचकीत ठिपका राहतो.

हळदीचं त्रांगडं वेगळं. तिचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो, नेमकं जे इथे चालत नाही. पण उजेडात तो टिकत नाही. म्हणून डागाची बाजू खिडकीकडे करून मूर्ती ठेवली आणि बाकीची सुती कापडाने झाकली. कडक ऊन नाही, नुसता भरपूर उजेड. डाग बराच फिका झालाय. उरलेला रंगाखाली जाईल. कुंकवाला ही युक्ती भरवशाची नाही, बाजारातल्या कुंकवात कृत्रिम रंग असतो.

कान. नुसती पुट्टी चिकटवली तर पहिल्याच धक्क्याला निघते. पिन वाइसने (बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिल) ०.८ मिमीचं भोक ३ मिमी खोल पाडलं. ड्रिल मशीन वापरू नका. पॉलीरेझिनमध्ये दगडाची भुकटी असते, ते ठिसूळ असतं आणि अख्खा कान तडकतो. भोकात पितळी तार अराल्डाइटने बसवली. इथे फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद टाळला, कारण त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, दमट हवेत जास्तच. तारेभोवती एम-सील. दोन्ही भाग समसमान घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे. पट्टे दिसत असतील तर ते नीट घट्ट होत नाही. ओल्या टूथपिकने आकार दिला, उजवा कान समोर ठेवून. रात्रभर सुकल्यावर ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर. एम-सीलचा पोत जरा भरड असतो. उरलेली छिद्रं पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक पुट्टीने बुजवली. ट्यूबमधली लॅकर पुट्टी इथे चालणार नाही, तिच्यातलं थिनर कडेचा मूळ रंग मऊ करेल.

गुडघा. टवक्याची कड ही पायरीच असते. ती तशीच ठेवून रंगवलं तर वरून कितीही हात मारा, रेघ दिसणारच. खळगा अ‍ॅक्रिलिक पुट्टीने दोन पातळ थरांत भरला (एका जाड थरात भरली की सुकताना आकसते आणि मध्ये खड्डा पडतो). मग १००० नंबरचा कागद पेन्सिलीच्या रबराला गुंडाळून, ओला करून, कडेपासून फार तर १ मिमी बाहेरपर्यंत घासलं. मास्किंग टेप लावायची असेल तर आधी तळहाताच्या मागे दोनतीनदा चिकटवून तिचा चिकटपणा मारा. नाहीतर टेपबरोबर धड रंगही येतो.

अस्तर (प्रायमर) ब्रशने, करडं, फक्त पुट्टी आणि उघड्या रेझिनवर. ते टाळलं तर पुट्टी रंगातलं पाणी शोषते आणि डाग डाग दिसतात.

आता पांढरा. तो निव्वळ पांढरा कधीच नसतो. टायटॅनियम व्हाइटमध्ये ब्रशच्या टोकाला लागेल इतका रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि त्याहून कमी यलो ऑकर (मातकट पिवळा). सावलीच्या बाजूला किंचित अल्ट्रामरीन निळा. काळा अजिबात नाही. पिवळसर मिश्रणात काळा पडला की शेवाळी छटा येते. अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर थोडं गडद होतं, कारण ओलं असताना त्याचा दुधट बाइंडर (रंगकण धरून ठेवणारा चिकट द्रव) रंग फिका दाखवतो. म्हणून ताटलीवरच्या ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. कार्डावर तेच अस्तर, वर मिश्रणाचे ठिपके, सुकल्यावर अर्ध्या ठिपक्यावर मॅट वॉर्निश, आणि मग ते कार्ड गुडघ्याला लावून बघायचं. दिवसा खिडकीशी आणि रात्री ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे. एका उजेडात जुळलेला पांढरा दुसऱ्यात निळसर निघू शकतो.

रंग मॉडेलसाठीचे मॅट अ‍ॅक्रिलिक घेतले. कलाकारांच्या ट्यूबमधले कॅम्लिन अ‍ॅक्रिलिक मिश्रण शिकायला उत्तम आणि स्वस्त, पण जाड असतात आणि सुकल्यावर चमक धरतात. ब्रश १ नंबरचा, टोकदार सेबल (मऊ नैसर्गिक केसांचा). ५/० चा केसभर ब्रश घेण्याचा मोह होतो, पण त्यावर रंग इतका कमी मावतो की मूर्तीपर्यंत पोचेतो टोकावरच सुकतो. साधारण एकास एक पाणी, पातळ चार हात, प्रत्येक दोन हातांमध्ये अर्धा तास. शेवटचा हात ब्रशने नाही. मूळ रंग एअरब्रशचा (हवेच्या दाबाने फवारलेला), त्यात रेषा नाहीत. म्हणून स्पंजचा छोटा तुकडा रंगात बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा केला आणि टवक्याच्या कडेवर टिपटिप केली. जोड तिथे विरतो.

रंग फक्त गेलेल्या जागेत. छटा जुळेना म्हणून अख्खा पाय रंगवायला घेतला की पाय झाल्यावर पोट, मग मान, आणि शेवटी मूर्ती आपली, रंगकाम मात्र मूळचं राहत नाही. पुढे मूर्ती विकायची असेल तर दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो सोबत द्या.

चौथऱ्यावर फार काही करावं लागलं नाही. बर्न्ट अंबरचे दोन हात, खाचांत पातळ रॉ अंबर सोडून वरचं टिपून घेतलं. दगडाच्या पोतात सगळं लपतं.

वॉर्निश. बाहेर पाऊस आहे आणि खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांवर, त्यामुळे स्प्रे बाद; अशा हवेत मॅट स्प्रे पांढरा धुरकट उमटतो. ब्रशचं मॅट वॉर्निश घेतलं. बाटली नुसती हलवली तर बुडबुडे येतात, ढवळली नाही तर मॅट करणारी भुकटी तळाशीच राहते आणि वरचं चमकतं. काडीने दोन मिनिटं सावकाश ढवळायचं. दुरुस्तीच्या जागी एक पातळ हात दिला, टॉर्च आडवा धरून बघितलं. कान जुळला. गुडघा अजून थोडा चमकतोय. पूर्ण सुकला की दुसरा हात.

सोनेरी काठ मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण मॅट वॉर्निश सोनेरीवर गेलं की ते पिवळट मातकट होतं. आधी यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचा पाया, म्हणजे सोनेरीचा पातळ हातही झाकून घेईल. सोनेरी रंग अभ्रकाचा अ‍ॅक्रिलिक घेणार आहे. पितळेच्या भुकटीचा कालांतराने हिरवट पडतो. त्यासाठी ब्रश आणि पाण्याची वाटी दोन्ही वेगळी. एकाच वाटीत धुतलं तर चमकीचे कण पुढच्या पांढऱ्यात येतात.