फुकटची जमीन?

"जंगलाच्या जमिनी अशा फुकट वाटल्यावर जंगल उरेल का?" वनहक्काच्या दाव्यांचं काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. लग्नात, रेल्वेत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, तोंडात यंत्र असताना. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

२००६चा वनहक्क कायदा नवी जमीन कुणालाच देत नाही. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जो ती कसतोय, त्याच्याच ताब्याला मान्यता मिळते, तीही जास्तीत जास्त चार हेक्टर. इंग्रजांनी जंगलं राखीव केली तेव्हा आत राहणाऱ्यांचे हक्क नीट नोंदवलेच गेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे लोक कागदावर अतिक्रमणदार झाले. या कायद्याची प्रस्तावनाच त्याला ऐतिहासिक अन्याय म्हणते. आणि मिळालेला पट्टा विकता येत नाही, फक्त वारसांकडे जातो. त्यावर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लागतं. (आपल्या फ्लॅटवर बघा बरं लागलंय का.)

जंगल उरेल का, याचं उत्तर मात्र सामूहिक हक्कात, म्हणजे अख्ख्या गावाला मिळून जंगलावर मिळणाऱ्या हक्कात आहे आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. बांबू हे गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल), म्हणजे गावाचं, असं कायदा स्पष्ट सांगतो. पण १९२७च्या वन कायद्यात बांबू झाडांमध्ये धरलेला, त्यामुळे तो गावाबाहेर न्यायला परवाना मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. हक्क कागदावर मिळाल्यानंतरही एवढं थांबावं लागलं! जंगल राखण्याचे निर्णय हे गाव सर्वसहमतीने घेतं, आणि हक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून घेत आलंय.

माझी काळजी वेगळी आहे. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी कळवायचं आणि अपिलाला साठ दिवस द्यायचे, असा नियम आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून हटवायचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात त्याला स्थगितीही दिली. त्या दिवसांत घाबरून आलेल्यांना आम्ही पहिलं विचारायचो, फेटाळल्याचं पत्र कुठंय? बहुतेकांना ते कधी आलेलंच नव्हतं.