एसी लोकलमधला स्वेटर

एप्रिलच्या उकाड्यात मी एसी लोकलमध्ये स्वेटर घालून बसायला लागले, तेव्हा ग्रुपमधल्या बायकांनी आधी भरपूर चेष्टा केली. मग त्यांच्यातलीच एक म्हणाली, "थायरॉइड बघून घे गं एकदा." मुलुंड ते सीएसएमटी रोज शेजारी बसणाऱ्यांना घरच्यांच्या आधी कळतं.

टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ७.८; ग्रंथी कमी पडायला लागली की हा आकडा चढतो. फ्री टी४, म्हणजे ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन, व्यवस्थित. अँटी-टीपीओ नावाच्या अँटीबॉडीज पाचशेच्या वर, म्हणजे शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उठलेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, हाशिमोटो. याच नावाच्या जपानी सर्जनने १९१२ साली चार रुग्णांबद्दल लिहिलं होतं, चौघीही बायकाच. आई म्हणाली, "जपानचं दुखणं गिरगावात कसं आलं?"

गोळी लिहून देतील आणि आपण घरी जाऊ, एवढीच माझी तयारी होती. डॉक्टर म्हणाल्या, "टीएसएच दहाच्या वर असता तर तुम्हाला विचारलंच नसतं. दिवस राहायला हवे असते तरी आजच सुरू केली असती. तुम्ही मधे अडकलाय. आत्ता सुरू करू, नाहीतर तीन महिन्यांनी परत बघू. काय करायचं?"

हे 'काय करायचं' मला मुळीच आवडलं नाही. फी मी भरायची आणि ठरवायचंही मीच!

माझा कल लगेच सुरू करण्याकडे होता. लवकर गोळी घेतली की ग्रंथी वाचेल, असं भाबडं गणित. तेच विचारलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. गोळी हल्ला थांबवत नाही, कमी पडलेलं हार्मोन तेवढं भरून देते. अँटीबॉडीज आहेत म्हणजे पुढे गोळी लागण्याची शक्यता जास्त, पण कधी ते सांगता येत नाही. टीएसएच कधी कधी आपला आपणही उतरतो. आणि डोस जास्त झाला तर धडधड, वर हाडांची झीज.

थांबले. तेवढ्यात थायरॉइडला चालत नाही म्हणून सोसायटीने माझा कोबी बंद केला आणि एका काकूंनी समुद्री शेवाळाची पावडर आणून दिली. शेवाळात आयोडीन भरपूर, आणि हाशिमोटोत जादा आयोडीनने उलट बिघडू शकतं, त्यामुळे डबा तसाच आहे. काकूंना सांगितलेलं नाही.

तीन महिन्यांनी ९.४. कोलेस्टेरॉलही चढलेलं. शिवाय संध्याकाळी गाडीत झोपून मी दोनदा थेट ठाण्याला पोहोचले होते. या वेळी डॉक्टरांनी विचारायच्या आत मीच म्हटलं, सुरू करू.

२५ मायक्रोग्रॅम. शंभर गोळ्यांची बाटली, गोळी साबुदाण्याहून जराशी मोठी. साडेपाचला नळाला पाणी येतं, तेव्हाच घेते. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर सरकवलं, कारण दोन्हींत चार तास हवेत. जड जातो तो चहा. तासभर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

आई वीस वर्षं थायरॉइडची गोळी घेते. चहाबरोबर.

"अगं आई, पाण्याबरोबर घ्यायची असते, रिकाम्या पोटी."

"वीस वर्षांत काही झालं का मला?"

आठ आठवड्यांनी माझा टीएसएच ४.१ आला. ठाण्याला परत गेले नाही. स्वेटर मात्र अजून पिशवीतच असतो, आणि परवा शेजारणीने तो मागून घेतला.