कुमट बियांपासून : दिवस 0 ते 90

बाभळीच्या नावाखाली कसलंही बी हाती पडतं, म्हणून आधी ओळख पक्की करा. कुमट म्हणजे सेनेगलिया सेनेगल (जुनं नाव अकेशिया सेनेगल), खऱ्या गम अरेबिक डिंकाचं झाड. याचे काटे तीन-तीन असतात: मधला खाली वाकलेला, बाजूचे दोन वर वळलेले. बाभळीचे सरळ, जोडीने. बाभळीला पिवळे गोंडे येतात, कुमटाला पांढुरके तुरे.

दिवस 0. बिया 20. भुंगेऱ्याने पोखरलेल्या आधीच बाजूला काढल्या. बाभळीसारखं कढत पाणी ओतायची गरज नाही. कुमटाची साल त्या मानाने पातळ, आतला गर्भ भाजतो. साधं पाणी, 24 तास. सकाळी 17 टम्म फुगल्या. उरलेल्या 3 बियांची साल नखकात्रीने कडेला किंचित टोकरली, देठाच्या खुणेपासून लांब, कारण मूळ तिथूनच निघतं.

दिवस 9. 16 उगवल्या. मिश्रण : 2 भाग जाडी वाळू, 1 भाग माती, 1 भाग कुजलेलं शेणखत. पिशव्या 30 सेंमी खोल. उथळ कुंडी घेऊच नका.

दिवस 16. तीन रोपं मातीलगत काळी पडून कोलमडली. कारण सरळ आहे: रोज पाणी, वरचा थर सदा ओला. आता बोटाचं एक पेर कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी.

दिवस 45. वर जेमतेम 12 सेंमी. इथेच धीर सुटतो आणि युरिया पडतो. टाकू नका. या वयात झाड खाली वाढत असतं, आणि नत्र आयतं मिळालं की मुळांवरच्या गाठी धरत नाहीत. एक गाठ नखाने चिरून पाहिली, आत गुलाबी. म्हणजे गाठीतले, हवेतलं नत्र धरणारे जिवाणू कामाला लागलेत. गाठी नसतील तर जुन्या कुमटाखालची मूठभर माती मिसळा.

दिवस 90. सोटमूळ पिशवीच्या तळाशी टेकलंय. आता थांबलं तर ते गोल गोल फिरेल, आणि तसं झाड पुढे वाऱ्यात उन्मळतं. पहिला दमदार पाऊस झाला की लागवड, 4 मीटर अंतरावर, पाणी साचणार नाही अशा जागी.

डिंकाला अजून चार-पाच वर्षं. सुदानात कोर्दोफान भागात पावसाळा संपून पानं गळू लागली की फांदीच्या सालीची पट्टी सोलतात, आतल्या लाकडाला धक्का न लावता. काही आठवड्यांनी जखमेवर डिंकाचे गोळे धरतात. डिंक म्हणजे झाडाने जखमेवर घातलेलं झाकण. ते कोरड्या, उष्ण हवेत आणि ताणातच नीट सुटतं. भरपूर पाणी प्यायलेलं, हिरवंगार झाड डिंकाला हात आखडतं. म्हणून लागवडीनंतर पाणी फक्त पहिल्या उन्हाळ्यापुरतं, पंधरा दिवसांतून एकदा, पण खोलवर मुरेल असं.