पाकिटाचा कोपरा

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली, पण गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं इथे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी चहाला बोलावलं होतं. बोलता बोलता स्पालनटोर वेशीवरच्या जुन्या टपालपेटीचा विषय निघाला, कबुतराच्या चित्राची ती. आजी उठून आत गेल्या आणि यजमानांच्या संग्रहातली एक फाइल घेऊन आल्या. पारदर्शक कप्प्यात 1846 सालचं पत्र होतं. पाकीट नव्हतंच. कागदाचीच घडी घालून मागून लाखेनं बंद केलेली, पुढे पत्ता आणि वर ‘बाझेलचं कबुतर’ हे टपाल तिकीट. किरमिजी ढालीवर पांढरं कबुतर, चोचीत पत्र, भोवती निळा आणि काळा रंग. मी तिरकं धरून पाहिलं तर कबुतर कागदातून चक्क वर उठलेलं! मेल्किओर बेरी या इथल्याच वास्तुविशारदानं ते रेखाटलं, 1845 मध्ये ते निघालं. वेशीवरची पेटीही त्याचीच.

किंमत अडीच राप्पेन (राप्पेन म्हणजे इथले पैसे), चालायचं फक्त शहरात. त्या काळी देशभर एकच टपाल नव्हतं, कॅन्टनांची, म्हणजे इथल्या राज्यांची, टपालं वेगवेगळी होती, नाणीसुद्धा वेगळी. झुरिचनं 1 मार्च 1843 ला 4 आणि 6 राप्पेनची तिकिटं काढली. ब्रिटननंतर जगात दुसरी, ब्राझीलच्याही पाच महिने आधी. चार शहरापुरतं, सहा कॅन्टनभर. त्याच वर्षी जिनिव्हानं जोडतिकीट काढलं. गावातल्या पत्राला अर्धं कापून लावायचं, कॅन्टनमध्ये दुसरीकडे पाठवायचं तर अख्खं. साहजिकच बहुतेक कापली गेली आणि अख्खी जोडी पत्रावर सापडणं आज दुर्मीळ. शिवाय टपालखर्च पत्र घेणाऱ्यानं द्यायची जुनी सवय लोकांच्या अंगात मुरलेली, त्यामुळे तिकिटं मुळात खपायचीच कमी. 1 जानेवारी 1849 ला साऱ्या देशाचं टपाल एक झालं आणि कॅन्टनांची सद्दी संपली.

आजींनी त्सुमश्टाइनचा कॅटलॉग, तिकिटांच्या किमतींचं पुस्तक, उघडला. कोऱ्या तिकिटाची किंमत वेगळी, वापरलेल्याची वेगळी आणि पत्रावर असलेल्याची त्याहून वेगळी. हा शेवटचा आकडा मी दोनदा वाचला. तेच तिकीट, फक्त मूळ कागदावरून न काढलेलं! आजी समजावत होत्या. सुटं तिकीट म्हणजे नुसतं चित्र. पत्रावर असलं की कुठून कुठे गेलं, कधी गेलं, दर बरोबर लागला होता का, सगळं कळतं. या तिकिटांना भोकांची कडा नाही, कात्रीनं कापून लावायची, म्हणून चारही बाजूंना समास शिल्लक असला तर भाव चढतो. आणि बिनतिकिटाच्या जुन्या पत्राला नंतर तिकीट डकवून विकणारेही आहेत, म्हणून शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर उमटलेला असावा. तज्ज्ञाचा दाखला नसेल तर लिलावात मोठा ग्राहक हातच लावत नाही.

मी उत्साहात सांगून टाकलं, की आम्हीही लहानपणी तिकिटं जमवायचो. पाकिटाचा कोपरा कापायचा, वाटीत पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की ‘सकाळ’च्या अंकावर पालथं वाळत घालायचं.

तेव्हा ती नजर. “सगळीच?” एवढंच विचारलं त्यांनी.

मला राग आला. आमच्या वाईच्या घरात पाकिटांना कप्पे कोण करणार? पत्रं तारेला टोचलेली असायची, पावसाळ्यात भिंतीला ओल, वर वाळवी. आणि आमच्याकडे काय कमी होतं? आशियातलं पहिलं टपाल तिकीट, ‘सिंध डाक’, 1852 मध्ये निघालं तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. कबुतरासारखंच ठशानं उठवलेलं. लाल रंगाचं तर लाखेवर, इतकं ठिसूळ की जवळजवळ सगळी फुटून गेली. हे मी आजींना ठणकावून सांगितलं. सांगताना ‘कराची’ शब्द तोंडात आला आणि मी गप्प झाले.

आमचे एक चुलत आजोबा कराचीला नोकरीला होते. त्यांची पत्रं वाईला यायची. त्यांची तिकिटं मीच सोडवली होती, सातवीच्या सुट्टीत.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी अल्बम काढला, भिंग लावलं. सहाव्या जॉर्जचं तिकीट, तसं अगदी सामान्य. शिक्क्यातली कराचीची पहिली चारच इंग्रजी अक्षरं आलीत, तारखेचा भाग पाकिटावर राहिला आणि पाकीट बंबात गेलं. फाळणीनंतर पाकिस्ताननं भारतीय तिकिटांवर आपलं नाव छापून ती 1 ऑक्टोबर 1947 ला आणली. त्याआधीचे काही आठवडे तिथे आपलीच साधी तिकिटं चालत होती. त्या आठवड्यांतलं, कराचीचा पूर्ण शिक्का असलेलं पाकीट आपल्या घरात होतं की काय, हे आता कोण सांगणार?

“अगं, पण पत्र आहे ना,” बाबा म्हणाले. “ट्रंकेत. वाचू?”

त्यांनी वाचलं. वर तारीख 9 सप्टेंबर 47. बोटीचं तिकीट मिळालंय, मुंबईला उतरलो की तार करतो, भांडी शेजाऱ्यांना दिली, देव बरोबर घेतलेत.

दुसऱ्या दिवशी जिन्यात आजी भेटल्या. त्यांच्या पत्रात आत काय लिहिलंय, असं मी विचारलं. त्या जरा थांबल्या. जुनी जर्मन लिपी त्यांना वाचता येत नाही. यजमानांनीही ते कधी उलगडलं नव्हतं, घडी मोडेल म्हणून.