व्हिटबी ते रॉबिन हुड्स बे : ‘निवांत वाट आहे’ असं कुणी सांगितलं तर

सुट्टीत नागपूरला आलेय. यंदा इंग्लंडात लीड्सला शिकायला निघालेली धरमपेठ-प्रतापनगरची पोरं भेटली की हमखास विचारतात, ‘ताई, एका दिवसात समुद्र बघून येता येतो का?’ येतो. पण मला ज्या सीनियर दादाने ‘व्हिटबीहून रॉबिन हुड्स बे या किनाऱ्यावरच्या गावापर्यंत कड्यावरून सपाट वाट आहे, दीड तासात आरामात पोचशील’ असं सांगितलं, तो त्या वाटेने कधी गेलेलाच नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

लीड्सहून 840 नंबरची बस यॉर्क, मॉल्टन, पिकरिंग करत व्हिटबीला जाते. साडेतीन तास धरा. 2025 पासून इंग्लंडात बहुतेक लोकल बसच्या एकेरी तिकिटाला 3 पाउंडांची मर्यादा आहे, म्हणून रिटर्न किंवा डे-पास घेण्याआधी बेरीज करून बघा. व्हिटबी छानच आहे. बंदर, 199 पायऱ्या, वर पडकी ॲबी, म्हणजे जुना ख्रिस्ती मठ. अंबाझरी तलावाला सकाळी चकरा मारणाऱ्याला त्या पायऱ्यांचं काही वाटणार नाही.

त्रास ॲबीच्या पुढे सुरू होतो. ही वाट क्लीव्हलँड वे नावाच्या 175 किलोमीटरच्या पायवाटेचा एक तुकडा आहे, दहा-अकरा किलोमीटरचा. साल्टविक बेचा कॅरव्हान पार्क मागे पडला की थेट गावापर्यंत चहा नाही, पाणी नाही, टॉयलेट नाही. कड्याच्या माथ्यावर हिमयुगात साचलेली चिकणमाती आहे. रात्री पाऊस पडून गेला असेल, तर ती आपल्याकडच्या कपाशीच्या वावरातल्या काळ्या मातीसारखी बुटाला धरते आणि पावलागणिक बूट जड होत जातो. वाट सपाट तर मुळीच नाही. ओढा आला की खाली उतरा, पुन्हा वर चढा.

मॉ वाइकच्या आसपासचा टप्पा सगळ्यात वाईट. उतारावरच्या पायऱ्यांना पुढून लाकडी फळी, तिच्यामागची माती वाहून गेलेली आणि खळग्यात पाणी. फळीवर पाय ठेवला तर सटकतो, खळग्यात ठेवला तर घोट्यापर्यंत आत जातो. एका हाताला शेताचं तारेचं कुंपण, दुसऱ्या हाताला कडा, आणि समुद्रावरून येणारा वारा सरळ उभं राहू देत नाही. हा कडा ढासळत असतो, त्यामुळे फोटोसाठी कुंपणापलीकडे किंवा काठाशी जाऊ नका. सीताबर्डीच्या बाजारातून नेलेले कॅनव्हासचे बूट इथे अजिबात चालणार नाहीत, खोल खाचांचा सोल हवा. छत्री खोलीवरच ठेवा. चार तास हाताशी नसतील तर या वाटेला लागूच नका.

आणि हे मला आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून जीव जळतो : याच दोन गावांमध्ये जुन्या रेल्वेची वाट आहे, सिंडर ट्रॅक. स्कारबरो-व्हिटबी रेल्वे 1965 साली बंद झाली, रूळ काढले, आता तिथे चालणारे आणि सायकलवाले जातात. चढ बेताचे, मध्ये तेरा कमानींचा उंच पूल, लारपूल व्हायाडक्ट. आराम हवा असेल तर डोळे झाकून हीच घ्या. किंवा सरळ X93 बसमध्ये बसा, वीसेक मिनिटांत पोचाल.

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा. यॉर्कशरमध्ये चिप्स बऱ्याच ठिकाणी बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गुरांच्या चरबीत तळतात. मी गेले त्या दुकानात बोर्डावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. वरून बसून खाण्याचा दर वेगळा, तो बिल आल्यावर कळला. मी चिप्स तशाच ठेवून उठले, पैसे मात्र पूर्ण द्यावे लागले. ऑर्डरआधी ‘व्हेजिटेबल ऑइल आहे का’ हे तोंडाने विचारा. पार्सल घेतलंत तर भिंतीला पाठ लावून खा, सीगल हातातून ओढून नेतात.

रॉबिन हुड्स बेला पोचल्यावर खाली समुद्रापर्यंत उतरायचं असेल तर भरती-ओहोटीच्या वेळा मोबाईलवर आधीच बघून ठेवा. भरतीला पाणी थेट गावाच्या धक्क्याला लागतं आणि किनारा उरतच नाही. कड्याखालून चालत व्हिटबीला परतायचा विचार तर मनातही आणू नका, पाणी चढलं की निघायला जागा नाही. ओहोटीला मात्र काळे खडक दूरवर उघडे पडतात, अमोनाइटचे, म्हणजे शंखासारख्या प्राचीन समुद्री जीवांचे, जीवाश्म दिसतात, ते मला फार आवडलं. बस स्टॉप गावाच्या वरच्या टोकाला आहे आणि मधला चढ चांगलाच उभा आहे. बसच्या वेळेआधी अर्धा तास धक्क्यावरून निघा, कारण ती चुकली तर व्हिटबीहून लीड्सची शेवटची बसही हातची जाईल.