तुम्ही विचारलंत म्हणून: दोन गुलामांचं करायचं काय?

आमच्याकडे शनिवारी पोकरचे पत्ते बसतात हे ज्याला कळतं, तो दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हे विचारतोच. गेल्या महिन्यात भाच्याने विचारलं. "मावशी, हातात दोन गुलाम आले की दर वेळी माझं वाटोळं होतं. त्यांचं करायचं तरी काय?" दोन एक्के आले तर काय करायचं, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. दोन तिर्र्यांचंही नाही. एक्के आले की चिप्स लावायच्या. तिर्र्या आल्या तर स्वस्तात फ्लॉप बघायचा आणि तिसरी तिर्री आली नाही तर पत्ते टाकून द्यायचे. एवढं सगळ्यांना कळतं. गुलाम मात्र मध्येच लटकतात. टाकवत नाहीत आणि धरवतही नाहीत.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते बंद मिळतात. मग टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच पत्ते उघडतात. आधी तीन एकदम, तो फ्लॉप. मग एक टर्न आणि शेवटचा रिव्हर. प्रत्येक टप्प्याला लावायची एक फेरी होते. आपले दोन आणि टेबलावरचे पाच, अशा सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत चांगले, पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या सगळ्या चिप्स, त्याचा.

अमेरिकेत या जोडीला 'फिशहुक्स' म्हणतात, कारण पत्त्यावरचं 'जे' हे अक्षर माशाच्या गळासारखं दिसतं. तिथलं एक जुनं वाक्यही आहे: गुलामांची जोडी खेळायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. मला ते वाक्य मनापासून आवडत नाही. ते ऐकून माणूस समजतो की या जोडीला कसलासा शाप आहे, आणि विचार करणं सोडून देतो. सुरुवातीच्या दोन पत्त्यांचे १६९ प्रकार होतात, त्यांत ही जोडी पहिल्या पाचांत बसते. समोर एकच माणूस असेल आणि त्याच्या हातात कुठलेही दोन पत्ते असतील, तर शंभरात ७७ वेळा गुलामच जिंकतात. जोडी उत्तम आहे. अडचण आपण तिच्याकडे बघतो कसे, यात आहे.

आपल्याकडचे बहुतेक लोक पोकरकडे येतात ते दिवाळीतल्या तीन पत्तीतून. मीही तशीच आले. माहेरी भाऊबीजेच्या रात्री सतरंजीवर गोल बसायचा, बायकामुलं सगळी. तीन पत्तीत गुलामांची जोडी लागली तर उरलेल्या हातांपैकी ८६ टक्के हात तिच्याखाली असतात, कारण शंभरातले ७४ हात नुसत्या मोठ्या पत्त्याचे असतात. शिवाय तीन पत्ती वाटून झाली की पत्ते ठरले. त्यानंतर फक्त चाल, समोरच्याचा चेहरा आणि शो. जोडी आली की छाती पुढे काढायची, ही सवय आपल्या हाडात तिथे मुरते. होल्डेममध्ये तुम्ही हातातले गुलाम गच्च धरून बसलेले असता, आणि त्यांची किंमत टेबलावर तुमच्या डोळ्यांदेखत बदलत जाते. फ्लॉपच्या तीन पत्त्यांत राणी, राजा किंवा एक्का यांपैकी निदान एक तरी येण्याची शक्यता ५७ टक्के आहे. हातात राण्या असतील तर हाच आकडा ४१ वर येतो, आणि दश्श्या असतील तर जवळजवळ ७० वर जातो. दश्श्यांवर मोठा पत्ता पडणार हे आपण धरूनच चालतो, राण्यांवर बहुतेक पडणार नाही असंही धरतो. गुलामांचा आकडा अर्ध्याच्या जरा वर आहे, म्हणून दर वेळी आशाही असते आणि धास्तीही. तिसरा गुलाम फ्लॉपवर येण्याची शक्यता बारा टक्क्यांहून थोडी कमी, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. त्याच्या भरवशावर बसायचं नाही.

आता माझी चूक सांगते, कारण उत्तर मला तिथे सापडलं. काही वर्षांपूर्वी पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर आम्ही खेळायला गेलो होतो. संध्याकाळभरात दोनदा गुलाम आले आणि दोन्ही वेळा फ्लॉपवर एक्का पडला. तिसऱ्यांदा बदामचा आणि इस्पिकचा गुलाम आला तेव्हा मी मनाशी ठरवलं, आता फ्लॉप बघायचाच नाही. माझ्याकडे शंभर ब्लाइंड होते (पत्ते वाटण्याआधी भरावी लागणारी ठरावीक रक्कम म्हणजे ब्लाइंड; चिप्स त्यातच मोजतात). मी तीन ब्लाइंडचा रेझ केला, म्हणजे लावायची रक्कम तेवढ्यावर नेली. समोर बसलेल्या काकांनी तो दहा केला. मी एक क्षणही न थांबता सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. त्यांनीही क्षणभर विचार केला नाही. त्यांच्याकडे दोन राजे होते. अशा वेळी गुलामांना शंभरात १८-१९ संधी असतात, आणि ती रात्र त्यांतली नव्हती.

त्या रात्री मी नशिबाला बोल लावला. दुसऱ्या दिवशी परतताना चोर्ला घाटात गाडी वळणं घेत होती, तेव्हा आठवलं की काकांनी त्याआधी तीन तासांत उलटा रेझ, म्हणजे दुसऱ्याच्या रेझवर रेझ, म्हणून केलाच नव्हता. एकदाही नाही. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडत होती आणि मी ती बघितली नाही, कारण मला फक्त माझा डाव संपवायचा होता. पुढे एक्का पडेल, मग काय करायचं ते मला ठरवता येणार नाही, त्यापेक्षा आत्ताच सगळं लावून मोकळं व्हावं. ज्यांची गुलामांवर वाताहत होते, त्या सगळ्यांच्या मागे हेच असतं असं आता मला वाटतं. काहीजण माझ्यासारखे सगळं लावतात. काहीजण भीतीने रेझच न करता नुसता ब्लाइंड भरून बसतात. दोघांनाही फ्लॉपनंतरचा निर्णय टाळायचा असतो.

त्या काकांच्या बाबतीत कसं मोजायला हवं होतं ते सांगते, कारण हे मोजणं एकदा जमलं की अर्धी भीती जाते. कुठलीही जोडी चार रंगांतून सहा प्रकारांनी बनते. म्हणजे राणी, राजा, एक्का या तिन्ही मोठ्या जोड्या मिळून १८ हात. एक्का-राजा हा हात चार एक्के गुणिले चार राजे, असा १६ प्रकारांनी बनतो. शांत माणूस फक्त एवढ्यावरच सगळ्या चिप्स लावत असेल, तर त्याच्याकडे एकूण ३४ हात असू शकतात. त्यांतल्या १८ समोर मी जवळपास मेलेली, आणि १६ समोर थोडीशी पुढे, साधारण ५६-५७ टक्के. सरासरी काढली की माझा जिंकण्याचा वाटा ३६-३७ टक्क्यांवर येतो. आता तोच माणूस जरा मोकळ्या हाताचा असेल, एक्का-राणी आणि दश्श्यांची जोडीही तसाच लावत असेल, तर हात होतात ५६ आणि माझा वाटा ४७ टक्क्यांच्या आसपास जातो. पत्ते तेच, गुलाम तेच. फरक फक्त समोरच्या माणसाचा. म्हणून "गुलामांचं काय करायचं" या प्रश्नाला मी आधी उलटा प्रश्न विचारते: समोर कोण होतं?

मी काय करते ते आता सांगते. माझ्या आधी कुणी रेझ केला नसेल तर मी कुठल्याही जागेवरून रेझ करते, तीन ब्लाइंड, आणि आधी नुसते ब्लाइंड भरून आत आलेल्या प्रत्येकामागे एक जादा. कारण साधं आहे. एका अनोळखी हातासमोर ७७ टक्के जिंकणारे गुलाम चार जणांसमोर चाळीसच्या आसपास येतात. गर्दी कमी करणं हेच पहिलं काम. कुणी पहिल्या-दुसऱ्या जागेवरून रेझ केला असेल तर मी बहुतेक वेळा कॉल करते, म्हणजे तेवढ्याच चिप्स भरते. तोच रेझ बटणावरून, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी पाळी येणाऱ्या जागेवरून, किंवा त्याच्या आधीच्या जागेवरून आला असेल तर मी तिप्पट करते, कारण तिथून लोक कशावरही रेझ करतात. माझ्या रेझवर कुणी उलटा रेझ केला आणि दोघांकडे शंभर-शंभर ब्लाइंड असतील तर कॉल करायचा आणि फ्लॉप बघायचा. तिथे पुन्हा वाढवलं की मोकळ्या हाताचे लोक निघून जातात आणि फक्त ते १८ हात आणि एक्का-राजा मागे राहतात. माझ्याकडे वीसच ब्लाइंड उरले असतील तर मात्र हे सगळं सोडून द्यायचं आणि सगळं लावायचं. तेवढ्या चिप्सवर समोरचाही लहान जोड्या आणि एक्का-दश्शी घेऊन येत असतो, आणि तिथे गुलाम राजासारखे असतात.

आता फ्लॉप. लोकांना वाटतं, मोठा पत्ता पडला की डाव संपला. दोन आठवड्यांपूर्वीचा हात सांगते. मी रेझ केला, माझ्या एका मैत्रिणीने बटणावरून कॉल केला, बाकी सगळे गेले. फ्लॉप आला राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे. मी पॉटच्या एक तृतीयांश लावलं. एवढं लावल्यावर चारांत एकदा जरी समोरच्याने पत्ते टाकले तरी माझं नुकसान होत नाही. आणि राजा माझ्याकडे असण्याचीच शक्यता तिला जास्त वाटणार, कारण रेझ मी केला होता. तिने कॉल केला. टर्नला चौकटचा चौका आला. मी चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, तिनेही चेक केलं. रिव्हरला नव्वी आली, मी पुन्हा चेक केलं, आणि तिने अर्धा पॉट लावला.

इथे घाई करायची नाही. अर्ध्या पॉटसमोर चारांत एकदा बरोबर निघाले तरी कॉल परवडतो. प्रश्न असा की तिच्याकडे राजा असता तर टर्नला मी चेक केल्यावर ती गप्प बसली असती का? मी तिला सहा वर्षं ओळखते. राजा असता तर तिने तिथेच लावलं असतं. मी कॉल केला. तिच्याकडे दश्श्यांची जोडी होती. हा कॉल त्या बोटीवरच्या काकांसमोर मी केला नसता, आणि तिथे न करणंच बरोबर ठरलं असतं.

तेच तीन जणांनी कॉल केलेला असेल, फ्लॉपला एक्का-राणी-अठ्ठी पडले असतील, एकाने लावलं आणि दुसऱ्याने कॉल केला, तर पत्ते टाकायचे आणि चहा घ्यायला उठायचं. त्याला विचार लागत नाही.

उलट नव्वी-छक्की-दुर्री असा लहान पत्त्यांचा फ्लॉप आला की भित्रे लोक तिथेही चेक करत बसतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. शंभरातल्या या ४३ वेळांसाठीच तर गुलाम आहेत! दोन तृतीयांश पॉट लावा. एक्का-नव्वीवाला कॉल करील, दश्श्यांवाला करील, अठ्ठ्यांवालाही करील. टर्नला पुन्हा लावा. फक्त एक लक्षात ठेवा: दोन टप्पे गप्पपणे कॉल करत आलेला माणूस रिव्हरला अचानक रेझ करतो तेव्हा तो बहुतेक खरं बोलत असतो. तिथे गुलाम टाकायला मला आता त्रास होत नाही, आधी फार व्हायचा.

आणखी एक विचारतात, की घरी हे सगळं पैसे लावून का? नाही. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानंतर पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच झाले. आमच्या घरी आधीपासूनच नुसत्या चिप्स असतात. ज्याच्या संपतील त्याने पुढच्या शनिवारची भेळ आणायची.

भाचा गेल्या शनिवारी आला होता. तासाभराने त्याला गुलाम आले. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने रेझ केला, भाच्याने कॉल केला, फ्लॉपला राणी पडली आणि त्या मुलाने जवळजवळ पूर्ण पॉट लावला. भाचा बराच वेळ बसून राहिला आणि मग त्याने पत्ते टाकले. डाव संपल्यावर स्वयंपाकघरात येऊन त्याने विचारलं, "मावशी, बरोबर केलं का?"

"त्या मुलाने आधी काय काय केलं होतं?" मी विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा त्याने असंच पूर्ण पॉट लावलं होतं. एकदा सत्त्यांच्या जोडीवर, एकदा हातात काहीच नसताना. दोन्ही वेळा पत्ते उघडले होते आणि भाच्याने ते नीट बघितले होते.

"मग टाकायला नको होतेस," मी म्हटलं.

तो मान हलवत बाहेर गेला. पत्ते पिसायची पाळी त्याची होती.